बडोद्याच्या अंगणात वेलीसाठी लाकडी मांडव उभारताना

कारेलीबागेतल्या आमच्या टेनामेंटच्या (बैठ्या घराच्या) मागच्या अंगणात २०१६ साली मी पहिला मांडव घातला. निलगिरीच्या चार वळ्या (गोल बल्ल्या) दीड-दीड फूट जमिनीत पुरल्या, वर आडवे बांबू बांधले आणि सासूबाईंनी लावलेली मधुमालती त्यावर सोडली. तीन वर्षांत वेलीने मांडव असा झाकला की लाकूड दिसेना. मग ३१ जुलै २०१९ उजाडला. त्या दिवशी बडोद्यात जवळपास वीस इंच पाऊस कोसळला आणि रात्री कधीतरी मांडव एका कुशीवर झोपला. सकाळी वेल कापून खांब मोकळे केले तेव्हा वरचं लाकूड ठणठणीत होतं. जमिनीलगतचा वीतभर भाग मात्र चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला होता, बोट लावलं की पापुद्रे सुटायचे. दोन हातगाड्या भरून पाला गेला.

दुसरा मांडव २०२१च्या जानेवारीत उभा केला, सागवानी, एका वयस्कर मिस्त्रींच्या हाताखाली स्वतः राबून. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी दोन दिवस अंगणात गुडघाभर उभं होतं, तरी तो जागचा हलला नाही. दोन्ही मांडवांवर वेल तीच, पाऊस तोच. फरक सगळा खालच्या एका फुटातला आहे. म्हणून या लेखात पायावर मी जास्त बोलणार आहे, नक्षीवर कमी.

ज्यांनी कधी करवत धरली नाही त्यांनाही हे जमेल. सगळं स्वतः करायची गरज नाही, पण मिस्त्रींकडून काय करून घ्यायचं आणि कुठे अडून बसायचं हे तुम्हाला माहीत हवं.

१. आधी वेल ठरवा, मग मांडव

बहुतेक जण उलटं करतात. देखणा मांडव आधी बांधतात, मग नर्सरीत जाऊन आवडली ती वेल आणतात. मांडवाची ताकद वेलीच्या पाचव्या वर्षावर ठरते. पहिल्या वर्षी कुठलीही वेल सुतळीवरसुद्धा उभी राहते.

मधुमालती आणि बोगनवेल या जड वेली. त्यांच्या फांद्या लाकडी होतात, पावसात पाला भिजला की वजन आणखी वाढतं आणि वारा तो सगळा पसारा शिडासारखा ओढतो. जुई, जाई, संक्रांतवेल मध्यम. गोकर्ण, कारली, दोडके, पापडी हलक्या आणि बहुतेक वर्षभराच्या सोबती. कृष्णकमळ बाहेरून हलकी वाटते, पण तीन-चार वर्षांत तिची जाड गादी होते, तेव्हा तिलाही मध्यम धरा.

खाली दिलेली मापं मी मधुमालतीचा विचार करून धरली आहेत. तुम्हाला फक्त पापडी आणि दोडके चढवायचे असतील तर लाकूड थोडं बारीक चालेल. पाया मात्र तसाच ठेवा.

२. जागा, ऊन आणि जमिनीखालचं जाळं

बडोदं कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा वेळी वरच्या पट्ट्यांची सावली फक्त पट्ट्यांएवढीच पडते, दोन पट्ट्यांमधून ऊन सरळ खाली उतरतं. तेव्हा लाकडाच्या सावलीवर भिस्त ठेवू नका, सावली पाल्याची असते. एप्रिल-मे मध्ये खरा त्रास चार वाजताच्या पश्चिमेच्या उन्हाचा होतो. म्हणून वेल पश्चिमेच्या खांबांवरून चढवा, म्हणजे त्या बाजूला हिरवा पडदा तयार होतो.

भिंतीपासून किमान दोन फूट सोडा. वेल छाटायला, तेल लावायला आणि भिंतीच्या दुरुस्तीला माणूस मागून जाता आला पाहिजे. गच्चीच्या पन्हळीचं पाणी जिथे पडतं ती जागा टाळा.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. टेनामेंटच्या मार्जिनमधून (घराभोवती सोडलेल्या मोकळ्या पट्ट्यातून) ड्रेनेजची लाइन जाते, बऱ्याच घरांना पाइप गॅसची लाइन असते, कुठे बोअरच्या मोटरची केबल पुरलेली असते. खड्डे खणायच्या आधी या तिन्ही लाइन कुठून कुठे जातात ते शोधा. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उघडून दोन चेंबरमध्ये सुतळी ताणा, म्हणजे पाइपची रेघ मिळते. गॅसचा पाइप भिंतीवरून जमिनीत कुठे उतरतो ते बघा आणि शंका असेल तर गॅस कंपनीला बोलावून विचारून घ्या. आमच्या शेजारच्या गल्लीत एकाने पहारीचा घाव नेमका ड्रेनेजवर घातला होता. गॅसवर बसला असता तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. शंका असलेल्या जागी पहार वापरू नका, खुरप्याने हाताने खणा.

३. कागदावर मांडव

मी ८ फूट बाय ६ फुटांचा मांडव निवडला. दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल आत मावतं. शिवाय या मापाचा एक मोठा फायदा आहे: ८ आणि ६ बाजूंच्या चौकाचा कर्ण बरोबर १० फूट येतो. आखणी करताना दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. दोन्ही १० फूट आले की चौक काटकोनात बसला. गुण्याने एवढ्या मोठ्या चौकाचा काटकोन नीट सापडत नाही, टेपने सापडतो.

माझ्या मांडवाचं लाकूड असं होतं:

खांब: ४ बाय ४ इंच, ८ फूट लांब, नग ४
तुळया: २ बाय ५ इंच, १० फूट लांब, नग ४ (खांबाच्या दोन्ही अंगांना एकेक)
वासे: २ बाय ३ इंच, ८ फूट लांब, नग ७
वरच्या पट्ट्या: १ बाय २ इंच, १० फूट लांब, नग ९
कोपऱ्यांचे तिरके आधार: २ बाय ३ इंच, अडीच फूट लांब, नग ८

घनफूट काढायची रीत सोपी आहे. जाडी आणि रुंदी इंचांत गुणा, त्याला १४४ने भागा आणि लांबी फुटांत गुणा. वरच्या यादीचं लाकूड पावणेअकरा घनफूट भरतं. कापाकापीत, गाठी टाळण्यात साधारण १५ टक्के जातं, म्हणजे साडेबारा घनफूट धरून चला. हा आकडा स्वतः काढून घेऊनच वखारीत जा. तिथे उभं राहून हिशेब करायला लागलात की घाई होते.

उंची कमी ठेवायचा मोह टाळा. फुललेली मधुमालती वाशांखाली हात-सव्वा हात लोंबते. तुळईची खालची कड किमान साडेसात फुटांवर असेल तरच आत ताठ उभं राहता येतं.

आणि झोपाळा. बडोद्यात घर म्हटलं की झोपाळा आलाच, त्यामुळे मांडव बघायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. माझं उत्तर ठाम आहे: या मापाच्या मांडवाला झोपाळा टांगू नका. वेलीचं वजन स्थिर असतं. झोपाळा प्रत्येक झोक्याला खांबांना पुढे-मागे ढकलतो आणि सांधे हळूहळू मोकळे करतो. झोपाळा हवाच असेल तर त्याचा स्वतंत्र लोखंडी सांगाडा घ्या आणि तो मांडवाखाली ठेवा.

४. लाकूड

सागवान महाग, पण उघड्यावर टिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि तेही फक्त गाभ्याचं. ओंडक्याच्या बाहेरच्या कडेचं पांढरट लाकूड सागाचंच असलं तरी त्याला उधई (वाळवी) आणि भुंगा दोन्ही लागतात. लवकर कापलेल्या लागवडीच्या सागात हे पांढरं लाकूड जास्त निघतं. खांबाच्या एका कडेला पांढरा पट्टा दिसला तर तो नग बाजूला ठेवायला सांगा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

बाभूळ मजबूत. बैलगाड्या आणि नांगर त्याचेच होत. पण सरळ आणि लांब नग मिळणं कठीण, आणि वाळताना ते तडकतं. पाइन बाजारात भरपूर आणि स्वस्त आहे, ते बाहेरून गांधीधामकडे उतरतं. दाबाने औषध मुरवलेलं पाइन मिळालं तर विचार करा. साधं पाइन आपल्या पावसाळ्यात उघड्यावर टिकत नाही. निलगिरी पिळते आणि चिरते, ते मी भोगलं आहे.

मला जे सापडलं त्याचा मला आजही आनंद आहे. दांडियाबाजारातला एक जुना वाडा उतरवत होते, त्याचं सागवान एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आलं होतं. गुजरातीत लाकडाच्या वखारीला लाती म्हणतात. अशा लात्यांपैकी काही जण जुनं इमारती लाकूडही ठेवतात. चार खांब निघाले, बाहेरून काळे, तेलकट, एका बाजूला हिरव्या रंगाचे पोपडे. मिस्त्रींनी पहिला रंधा मारला आणि खालून मधासारखा रंग वर आला. अंगणभर सागाचा तो कडवट, चामड्यासारखा वास पसरला. एवढी वर्षं भिंतीत उभं राहूनही त्याच्यातलं तेल गेलं नव्हतं.

जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, ते आता पिळणार नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याचा सापळा म्हणजे खिळे. लाकडाच्या आत तुटलेला खिळा मशीनच्या पात्याला लागला की पातं जातं आणि तुकडा उडून माणसाला लागू शकतो. जाड लोहचुंबक घेऊन प्रत्येक नगावरून इंच-इंच फिरवा. आमच्या चार खांबांतून एकवीस खिळे निघाले.

नवं लाकूड घेताना तीन गोष्टी बघा. नगाच्या टोकाशी डोळा लावून लांबीकडे बघा, पीळ आणि बाक लगेच दिसतो. दोन नग एकमेकांवर आपटा, वाळलेलं लाकूड टणक वाजतं, ओलं बद्द वाजतं. आणि माप टेपने घ्या. बाजारात ४ बाय ४ म्हणून मिळतं ते रंधा मारल्यावर ३ इंच ६ सूत, म्हणजे पावणेचार इंच उरतं. खांब ज्यांत बसतो त्या लोखंडी पायांचं (ते सातव्या भागात येतात) माप देण्याआधी हे कळलेलं असावं, नाहीतर खांब त्यांत डुगडुगतो.

५. कागद

थोडकेच लागतात. सोसायटी असेल तर चेअरमनला चार ओळींचं पत्र द्या, सोबत मापांचं साधं चित्र जोडा आणि पोच घ्या. पत्रात 'वरून उघडा, वेलीचा मांडव' असं स्पष्ट लिहा. पुढे कधी त्यावर पत्रा टाकायचा विचार आलाच तर ते छप्पर होतं आणि मार्जिनमध्ये छपराला परवानगीचा प्रश्न येतो, तेव्हा आधी विचारल्याशिवाय टाकू नका. लाकडाचं पक्कं बिल जपून ठेवा. गावच्या शेतातला साग तोडून आणायचा बेत असेल तर वन खात्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास हे दोन्ही आधी घ्या. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी हे लागतं, आणि टेम्पो वाटेत अडला की तो दिवस वाया जातो.

६. अवजारं

टेप, गुण्या, ओळंबा, सुतळी, दहा फुटांची पारदर्शक नळी, पहार, कुदळ, घमेलं, करवत, रंधा, दोन पटाश्या (अर्धा इंच आणि एक इंच), मोगरी, ड्रिल मशीन, पाने. चाकाच्या करवतीवरची कटाई वखारीतूनच करून आणा. मिस्त्री रोजावर ठेवा, उधडं (ठोक रकमेवर) देऊ नका. उधड्यात घाई होते आणि जोडांच्या आत काय झाकलं गेलं ते दिसत नाही.

७. पाया

इथे सावकाश वाचा.

बडोद्यात माती जागोजागी बदलते. कुठे गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याची, तर कुठे काळी चिकणी. मे महिन्यात तुमच्या अंगणात बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील तर माती काळी आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि उथळ पाया वर्षाला एकदा वर-खाली करते. चार खांब चार वेगळ्या अंतरांनी हलले की तुळया पिळतात.

प्रत्येक खांबासाठी सव्वा फूट चौरस आणि तीन फूट खोल खड्डा घ्या. तळाशी तो दीड फुटापर्यंत रुंद करा, म्हणजे खालचं काँक्रीट मातीत अडकून बसतं आणि वाऱ्याने मांडव उचलला जात नाही. तळाला चार इंच खडी कुटून घाला. काळी माती असेल तर खड्ड्याच्या वरच्या दोन फुटांच्या बाजूंना जाड प्लास्टिक लावा. फुगणारी माती मग काँक्रीटला धरून वर ओढत नाही, घसरून जाते.

काँक्रीट एक सिमेंट, दोन रेती, चार खडी. चार खड्ड्यांना सिमेंटच्या चार गोण्या पुरतात. एका पायाचं वजन तीनशे किलोच्या वर भरतं. हलक्या मांडवाला एवढं कशाला, असं गवंडी म्हणेल. भिजलेली मधुमालती आणि जुलैचा वारा एकत्र आला की ते वजन कामाला येतं.

काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच काढा आणि वरचं तोंड सपाट ठेवू नका, मधून चारही बाजूंना उतार द्या.

आता मुख्य मुद्दा. लाकडाचा खांब मातीतही जाणार नाही आणि काँक्रीटमध्येही जाणार नाही. मातीत पुरलेला खांब कुजतो हे सगळ्यांना पटतं. काँक्रीटमध्ये रोवलेला खांबही कुजतो हे पटत नाही, कारण काँक्रीट कोरडं दिसतं. लाकूड वाळताना थोडं आक्रसतं, काँक्रीट आणि लाकूड यांत केसाएवढी फट पडते, तिच्यात पाणी उतरतं आणि खालून बाहेर पडायला जागा नसल्यामुळे तिथेच बसतं. आमचे मिस्त्री म्हणाले होते, "बेन, लाकडाने पाणी नथी खातुं, भरायेलुं पाणी खाय छे." म्हणजे लाकडाला पाणी खात नाही, साचून राहिलेलं पाणी खातं. मांडव बांधताना प्रत्येक सांध्याजवळ मी हेच स्वतःला विचारत गेले: इथे पाणी भरून राहील का?

यासाठी खांबाला लोखंडी पाय करून घ्या. ५० बाय ६ एमएमची पट्टी यू आकारात वाकवायची, खाली १२ एमएमची फूटभर सळई वेल्ड करायची आणि यूच्या दोन्ही भिंतींना १० एमएम बोल्टची दोन-दोन भोकं पाडायची. सळई ओल्या काँक्रीटमध्ये बसते, यू वर राहतो. खांबाचं बूड आणि काँक्रीट यांत बरोबर एक इंच हवा राहील अशी उंची ठेवा. यूच्या तळपट्टीलाही सळईच्या बाजूला एक भोक पाडा, म्हणजे तिच्यावर थेंबही थांबत नाही.

इथे मी फसले होते, म्हणून सांगते. फॅब्रिकेशनवाल्याने 'गॅल्व्हनाइज केलंय' म्हणून पाय दिले. चकचकीत चंदेरी होते. नखाने खरवडलं तर रंग निघाला, खाली नुसतं लोखंड. तो चांदी रंग होता. खरं गॅल्व्हनाइजिंग वितळलेल्या जस्तात बुडवून होतं, त्याचा रंग किंचित करडा आणि डागाळ दिसतो, नखाने तो निघत नाही. वेल्डिंग आणि भोकं आधी, बुडवणं नंतर, हा क्रमही सांगून ठेवा.

या एका इंचाच्या फटीचा दुसरा फायदा उधईबाबत आहे. उधई उजेडातून चालत नाही, मातीची नळी करत वर चढते. खांब मातीत असेल तर ती आतून चढते आणि कळतच नाही. फट असली की तिला लोखंडावरून बाहेरून नळी बांधावी लागते, ती दिसते आणि झाडूने मोडता येते.

चारही पाय एका पातळीत येण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरा. नळीच्या दोन टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, तेवढं बघा. पाय बसवल्यावर कर्ण पुन्हा मोजा, कारण काँक्रीट ओलं असतानाच काय ते सरकवता येतं. मग सात दिवस गोणपाट टाकून पाणी मारा आणि तोवर वर काही उभं करू नका.

८. खाचा आणि जोड

तुळई नुसत्या बोल्टवर टांगू नका. खांबाच्या डोक्याशी दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच खोल खाच घ्या आणि तुळई त्या खाचेत बसवा. म्हणजे वजन लाकूड लाकडावर पेलतं आणि बोल्टकडे फक्त धरून ठेवायचं काम उरतं. खांबाचं डोकं तुळयांच्या वरच्या कडेपेक्षा एक इंच खाली ठेवा. वाशाला तुळयांवर बसण्यासाठी खालून एक इंच खाच घेतली की मधला भाग बरोबर खांबाच्या डोक्यावर टेकतो.

सात वासे १६-१६ इंचांवर येतात. पहिला आणि शेवटचा वासा खांबांच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे ६ फुटांच्या बाजूचे तिरके आधार याच वाशांना लावता येतात. ८ फुटांच्या बाजूचे आधार दोन तुळयांच्या मधल्या फटीत शिरतात. हे आधार शोभेचे समजून कुणी वगळतात. ते नसले तर मांडव वाऱ्यात पत्त्याच्या घरासारखा एका बाजूला कलतो, खांब कितीही जाड असले तरी.

बोल्ट स्टेनलेसचे किंवा जस्ताचा जाड थर असलेले घ्या, १० एमएम जाड आणि आठ इंच लांब, प्रत्येक जोडाला दोन, तिरप्या रेषेत. दोन्ही तोंडांना मोठे वॉशर लावा. साधं लोखंड सागात आणि त्याहून जास्त बाभळीत काळे डाग पाडतं, पहिल्या पावसातच खांबावर काळे ओघळ उतरतात आणि ते आत मुरतात. स्क्रू मारण्याआधी प्रत्येक ठिकाणी बारीक ड्रिल फिरवा, नाहीतर पट्टीचं टोक फाटतं.

लाकडाचं कापलेलं तोंड म्हणजे नळ्यांची जुडी. पाणी बाजूंपेक्षा तिथून कितीतरी वेगाने आत शिरतं. खांबांची डोकी आणि बुडं, तुळयांची, वाशांची टोकं, सगळी तोंडं जोडण्याआधी इपॉक्सीचे दोन हात देऊन बंद करा. जोडल्यावर ब्रश पोचत नाही.

९. उभारणी

चार माणसं आणि एक सकाळ पुरते. एकेक खांब पायात बसवून ओळंबा दोन बाजूंनी लावा, तात्पुरत्या फळीने टेकू द्या, बोल्ट हाताने अडकवा. मग तुळया, मग तिरके आधार, मग वासे, शेवटी पट्ट्या. सगळं उभं राहून ओळंब्यात आलं की मगच सगळे बोल्ट पान्याने आवळा. एक कोपरा आधी घट्ट करून पुढे गेलात तर चौथा कोपरा खाचेत बसत नाही आणि मिस्त्री खाच मोठी करायला निघतात.

डिसेंबर-जानेवारीत उभारा. लाकूड कोरडं असतं, काम करायला हवा चांगली असते आणि पावसाआधी तेलाचे हात द्यायला वेळ मिळतो.

१०. तेल

घरातल्या फर्निचरचं मेलामाइन किंवा व्हार्निश बाहेर वापरू नका. उन्हाने त्याचे पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्याखाली पाणी अडकतं. पुन्हा तेच भरायेलुं पाणी. नुसतं जवसाचं तेलही पावसाळ्यात बुरशीने काळं पडतं. बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं, बुरशीरोधक असलेलं तेल घ्या, पहिल्या वर्षी दोन हात आणि मग दरवर्षी मे मध्ये एक. तेल लावून दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं पुसून घ्या. एक इशारा: तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा.

११. वेल चढवणं

पहिल्या वर्षी मी मधुमालतीचे जुने धुमारे छाटून जमिनीलगत ठेवले आणि मांडवावर पापडी आणि दोडके सोडले. लाकूड ऊन-पावसाला सरावतं, कुठे काही सैल आहे का ते दिसतं, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या उंधियूला (मिश्र भाजीला) घरची पापडी मिळते. दुसऱ्या जूनपासून मधुमालती वर घेतली.

वेल खांबाच्या बुडापासून किमान फूटभर दूर लावा, म्हणजे तिच्या आळ्याचं पाणी पायाशी जात नाही. तणाव्यांनी चढणाऱ्या वेलींना, म्हणजे कृष्णकमळ, संक्रांतवेल, कारली, दोडके यांना, चार इंची खांब धरता येत नाही. त्यांचा तणावा पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक गोष्टीलाच विळखा घालतो. खांबापासून दोन इंच अंतर सोडून उभ्या नायलॉनच्या दोऱ्या ताणा. अंतर सोडलं की वेल आणि लाकूड यांच्यामध्ये हवा खेळते आणि खांब पावसानंतर लवकर सुकतो. फांद्या बांधायला तार वापरू नका, सुती चिंधीने सैल आठ आकड्यात बांधा.

१२. वर्षभराची उस्तवार

पहिला उन्हाळा संपताना सगळे बोल्ट एकदा आवळा, लाकूड आक्रसून ते अर्धा-पाऊण फेरा सैल होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात वेल तिसरा हिस्सा छाटा, वाऱ्याला धरायला पाला कमी उरतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खांबांच्या बुडाशी वाकून बघा: पालापाचोळा एक इंचाच्या फटीत साचला की ती फट उरत नाही. २०२४च्या पुराचं पाणी ओसरल्यावर तिथे चिकट गाळ गच्च बसला होता. आम्ही चिमट्याच्या टोकाने तो उकरला आणि नळीच्या धारेने फट मोकळी केली, तेव्हा लाकूड खालून कोरडं आणि टणक लागलं. पुरानंतर वेलीखालचा कचरा हातांनी उचलू नका, आधी लांब काठीने हलवून बघा, त्यात साप असू शकतात.

आणि वासी उत्तरायणाच्या (१५ जानेवारी, पतंगांचा दुसरा दिवस) दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला सकाळी, शिडी लावून मांडवावर अडकलेला मांजा काढून घ्या. संक्रांतवेल तेव्हाच केशरी फुलांनी भरलेली असते, मधासाठी सूर्यपक्षी तिच्यात शिरतात आणि पानांतला दोरा त्यांना दिसत नाही. जाड हातमोजे घाला, दोरा ओढू नका, कात्रीने तुकडे करत काढा, आणि पतंगाच्या काड्या पट्ट्यांवर तशाच सोडू नका. त्यांच्याखाली पाणी धरतं.